काचेखालचं इंजिन

मित्रांनो, तुम्ही आत्ता ज्याच्यावर स्क्वॉशचा ग्लास ठेवलात ते टेबल नाही. तो मी आहे. मी एक जुनं इंजिन आहे, आणि डोक्यावर काच बसवली म्हणून मी गप्प बसेन असं कुणाला वाटत असेल तर त्याने दुसऱ्या घरी जावं. इंग्लंडातल्या या मेडनहेडच्या घरात पाहुणे आले की खाली वाकतात, माझ्या चार भोकांतून आरपार बघतात आणि 'हाउ लव्हली' म्हणतात. माझ्या कुशीत मूठ जाईल एवढं भगदाड आहे. ती बाजू भिंतीकडे करून ठेवली आहे, म्हणून लव्हली.

तुम्हाला माझी गोष्ट हवी आहे ना? सांगतो. गोड असेल अशी आशा मात्र धरू नका.

इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात एक कारखाना होता. तिथे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. मला जोडणारे लोक संपावर जायच्या घाईत होते की संपावरून नुकतेच आलेले होते, ते मला आठवत नाही. पण माझा एक बोल्ट जन्मापासून वाकडा होता आणि तो कुणी बदलला नाही. मला एका हिरव्या, दोन सीटच्या, कापडी छपराच्या स्पोर्ट्स कारमध्ये बसवलं. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुमचे बाबा लगेच फोनवर तिची किंमत शोधत बसतील आणि माझं ऐकणार नाहीत.

पहिल्या मालकाने मला फक्त रविवारी मिरवलं. दुसऱ्याने शेडमध्ये कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्यांशेजारी ढकललं. माझ्यावर धूळ बसली, मग धुळीवर पिसं बसली. आणि मग एका शनिवारी दीनानाथ आला.

दीनानाथ तेव्हा तरुण होता, पुण्याहून येऊन स्लाउच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागलेला. मालकाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ही गाडी तुमच्या आवाक्यातली आहे का. आवाका म्हणजे त्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि दीनानाथलाही कळलं. त्याने बॉनेट उघडलं, मला सुरू करायला लावलं, एक लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या अंगावर टेकवला आणि त्याच्या मुठीला कान लावून डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग मराठीत, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "घसा बसलाय रे तुझा. होईल बरा."

त्याआधी माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मित्रांनो, लोखंडाला पाझर फुटत नाही. पण तेल जरा लवकर गरम झालं, एवढं मी कबूल करतो.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. दीनानाथचं लग्न झालं, सुनेत्रा आली. गणपतीत ती दोघं हॅरोला जायची, तिथल्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती बसायचा. मोदकांचा डबा सुनेत्रा पायाशी ठेवायची, बरोबर त्या पत्र्याला टेकवून ज्याच्या पलीकडे मी असायचो. हॉलमधल्या बायका विचारायच्या, मेडनहेडहून आणून मोदकांना अजून वाफ कशी? सुनेत्रा सांगायची, आमच्याकडे इंजिन आहे. तेवढ्या एका वाक्यासाठी मी वर्षभर चढ चढलो.

मग परीक्षित झाला. सीटमागच्या चिंचोळ्या फळीवर तो पाय दुमडून बसायचा. दीनानाथने त्याला चालणं शिकवलं की नाही ते मला माहीत नाही, पण माझं तेल तपासायला शिकवलं ते माझ्यासमोर. तेलाची पट्टी त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "काढ, पूस, परत घाल, मग बघ." पोरगं गाण्यासारखं म्हणायचं, काढ, पूस, परत घाल, मग बघ. शेवटच्या 'बघ'ला स्वतःचे डोळे मोठ्ठे करायचं.

त्या 'बघ'नेच पुढे माझा जीव घेतला.

परीक्षित मोठा झाला, ब्रॅकनेलच्या एका कंपनीत लागला, आणि त्याच कंपनीत नागपूरहून व्हिसावर आलेल्या ऋजुताशी त्याने लग्न केलं. घरांचे भाव असे की दोघं इथेच, वरच्या मजल्यावर राहिली. मायरा जन्मली आणि घरातली झोप संपली. ऋजुता बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारायची, केस विस्कटलेले, एका पायात मोजा, एका पायात नाही. एका सकाळी दीनानाथने तिला म्हटलं, गेटपाशी उभी राहा. आणि ड्राइव्हवेत मला सुरू केलं. मी हळू घुरघुरलो. आधी बाळ गप्प झालं. मग त्याची मूठ सैल पडली. मग मान कलंडली. ऋजुता हलली नाही, भिंतीला टेकून तीही उभ्याउभ्या पेंगली. दीनानाथने मला बंद केलं नाही. रस्त्यापलीकडच्या शेजारणीने खिडकी आपटून लावली, तरी केलं नाही. त्यानंतर हे रोजचं झालं.

इथवरची गोष्ट गोड आहे. आता पुढची ऐका.

दीनानाथच्या डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग पडायला लागला. कडेचं दिसायचं, समोरचं पुसलेलं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. घरात त्याने एवढंच सांगितलं की आता चालवायचा कंटाळा आला. लायसन्स परत केलं, स्टिअरिंग परीक्षितला दिलं, पण माझं तेल तपासणं मात्र कुणाला दिलं नाही. दर शनिवारी यायचा. पट्टी काढायचा, पुसायचा, परत घालायचा. मग ती डोळ्यांसमोर धरायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे."

ठीक नव्हतं. म्हातारपणी मी तेल प्यायला लागलो होतो, पट्टी अर्धी कोरडी असायची. त्याला ती दिसत नव्हती, आणि दिसत नाही हे त्याने सांगितलं नाही. परीक्षितनेही कधी विचारलं नाही, की बाबा, मी बघू का.

एका उन्हाळी रविवारी बापलेक मला घेऊन मोटरवेवर निघाले. परीक्षितची एक खोड आहे: गिअर बदलायचाच नाही. खालच्या गिअरमध्ये मला किंचाळेपर्यंत ताणायचं, त्याला त्यात मजा वाटते. तेलाचा लाल दिवा लागला, पण त्यावर ऊन पडलेलं, कुणाला दिसला नाही. दीनानाथ शेजारी बसला होता. त्याने मान तिरकी केली.

"हळू घे. आवाज वेगळा येतोय."

"बाबा, रिलॅक्स."

पुढच्या क्षणी माझ्या पोटातला एक दांडा तुटला आणि माझी कूस फोडून बाहेर आला.

मोटरवेच्या कडेला, ट्रक शेजारून गरजत जात असताना, टोइंगवाल्याची वाट बघत दोघं उभे होते. परीक्षितने विचारलं, तेल कोण बघत होतं. दीनानाथने विचारलं, ताणत कोण होतं. मित्रांनो, मी तिथेच होतो, मला दोन्ही उत्तरं माहीत होती. त्यांनाही माहीत होती. कुणी दिली नाहीत. घरी आल्यावरही दिली नाहीत. त्या घरात तेव्हापासून चमचा खाली ठेवला तरी भांडणासारखा वाजायचा.

मग परीक्षितने माझं हे टेबल केलं. मला साफ केलं, रंगवलं, काच बसवली आणि बापाच्या वाढदिवसाला दिवाणखान्यात आणून ठेवलं, वर लाल रिबन. त्याने ते प्रेमाने केलं होतं. मला तो आवडत नाही, तरी हे सांगितलं पाहिजे. दीनानाथने हाताने चाचपून ओळखलं मी कोण ते. माझ्या भगदाडात त्याची बोटं गेली आणि तिथेच थांबली.

"प्रेत हॉलमध्ये ठेवायची पद्धत कुठली रे?" तो म्हणाला. "इथली का आपली?"

रिबन सुनेत्राने हळूच सोडून ड्रॉवरमध्ये ठेवली. त्यानंतर माझी स्तुती पाहुण्यांनी केली, घरच्यांनी कधी नाही.

आता गाडीला नवं इंजिन हवं होतं. हल्ली तुम्हाला सगळं खोक्यातून लागतं, तसं इंजिनही मिळतं. त्याला क्रेट इंजिन म्हणतात. कारखान्यात पूर्ण जोडलेलं, चालवून तपासलेलं, कोरं करकरीत, लाकडी क्रेटमध्ये खिळे ठोकून घरपोच. माझ्या जागी कोण येणार ते ठरवायला सगळे लॅपटॉप घेऊन बसले. आणि लॅपटॉप ठेवला कुठे? माझ्याच डोक्यावर.

परीक्षितला अमेरिकन व्ही-एट हवं होतं. आठ सिलिंडर, माझ्या कितीतरी पट ताकद. ब्रॅकनेलच्या एका पबच्या कार पार्कमध्ये जुन्या गाड्यांचा नाद असलेली पोरं जमतात, तिथे बॉनेट उघडल्यावर लोकांची तोंडं कशी होतील ते त्याने आईला करून दाखवलं. दीनानाथला माझ्याच जातीचं, चार सिलिंडरचं, नव्याने बांधलेलं इंजिन हवं होतं. त्याचं म्हणणं असं, की आठ सिलिंडरचं धूड पुढे बसवलं की नाक जड होणार, मग वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जायला बघणार. ब्रेक माझ्या ताकदीला जेमतेम पुरत होते, ते या रेड्याला काय थांबवणार. आणि हॅरोला जाताना ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की रेडिएटर चहासारखा उकळणार. ताकदीचा आकडा कागदावर असतो, रस्त्यावर सायकलवाल्यामागून धक्के न देता जाता आलं पाहिजे.

"शर्यतीला न्यायची आहे का टेस्कोला, दूध-भाजी आणायला?" त्याने विचारलं.

"टेस्कोचं मी ऑनलाइन करतो, बाबा."

ऋजुताने मध्येच विचारलं की या मोठ्या इंजिनाचा क्लच ट्रॅफिकमध्ये किती जड जाईल. तिने नुकतंच इथलं लायसन्स मिळवलं होतं. डोळ्यांचं आता घरात कुणापासून लपलं नव्हतं, आणि दीनानाथला क्लिनिकला तीच घरातल्या दुसऱ्या गाडीतून न्यायची. दोघांपैकी कुणीही तिला उत्तर दिलं नाही. तिने मायराचा उष्टा वाडगा उचलला आणि आत गेली.

मी कुणाच्या बाजूने होतो म्हणाल, तर कुणाच्याच नाही. माझ्या जागी कुणीच येऊ नये, गाडी गॅरेजमध्ये पोकळ उभी राहावी, एवढंच मला हवं होतं.

दीनानाथ पुन्हा ब्रेकवर आला तेव्हा परीक्षितने लॅपटॉप बंद केला. जोरात नाही. हळू केला, ते जास्त वाईट होतं.

"बाबा, एक सांगा. चालवणार कोण आहे? तुम्ही?"

सुनेत्राचा हात केटलवर तसाच राहिला. दीनानाथ समोर बघत होता, म्हणजे जिथे त्याला काहीच दिसत नाही तिथे बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "मी नाही चालवणार. आणि तू चालवत असशील तेव्हा मी त्या गाडीत बसणारही नाही. सुनेत्रा, तुझ्या मुलाला सांग."

मुलगा हाताच्या अंतरावर बसला होता. पण त्या दिवसापासून सगळं तिसऱ्याच्या तोंडून व्हायला लागलं. त्यांना सांग मीठ द्या. त्याला सांग कचऱ्याचे बिन बाहेर काढायचेत. सुनेत्रा आणि ऋजुता दोघी टेलिफोनच्या तारा झाल्या. उन्हाळा सरला. परीक्षितने व्ही-एट मागवलं.

ते आलं. गॅरेजमध्ये क्रेट उघडल्याचा कर्रर्र आवाज मी इथे बसून ऐकला, आणि कोऱ्या रंगाचा वास दाराखालून आत आला. दुसऱ्याच दिवशी बसवायला घेणार होता, पण सुनेत्राने अडवलं. दसरा तोंडावर आला होता. नव्या यंत्राची पूजा झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, म्हणाली. तिला पूजेच्या निमित्ताने बापलेकांना एका खोलीत उभं करायचं होतं, हे मला कळलं, मायरालाही कळलं असेल. दीनानाथने नाही म्हटलं नाही. पूजेला तो नाही म्हणत नाही. त्याने एकच अट घातली.

"जुन्याचीही पूजा होणार असेल तर येतो. हत्यार मोडलं म्हणून दसऱ्याला बाहेर ठेवत नाहीत."

अशी माझी काच उतरली. परीक्षित आणि ऋजुता मला धापा टाकत गॅरेजमध्ये घेऊन गेले, आणि मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. लाल रंगाचं, रुंद खांद्यांचं, ओरखडा नाही, घाम नाही, आठवण नाही. आम्ही समोरासमोर होतो. माझा त्याच्याशी बोलायचा प्रश्नच नव्हता.

सुनेत्राने पैठणीवर फ्लीसचं जॅकेट घातलं होतं. हॅरोहून आणलेला झेंडू होता. आपट्याऐवजी कुंपणाच्या झुडपाची पानं होती. नागपूरची मंडळी व्हिडिओवर होती. त्यांना नव्या इंजिनाचं पोट दाखवायचं म्हणून परीक्षितने त्याच्या डोक्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. मित्रांनो, तिथे वेगळा आणलेला कार्ब्युरेटर बसतो, तिथूनच इंजिन श्वास घेतं. तो म्हणजे उघडा घसा. ऋजुताची आई फोनमधून म्हणाली, छान आहे हो, स्वच्छ आहे अगदी. मग परीक्षित फोनचा अँगल जमवत राहिला आणि झाकण बाकावरच राहिलं. इकडे सुनेत्राने विचार केला की देव म्हटला की वस्त्र हवं. तिने लाल खण घडी मोडून त्या इंजिनाच्या डोक्यावर पसरला. सपाट जागा तीच होती, म्हणून विडा, सुपारी आणि वर एक पेनी तिथेच मांडली. माझ्या अंगावर दोन झेंडू ठेवले. हळदकुंकू झालं, अक्षता पडल्या, निरांजन फिरलं. नारळ परीक्षितने ड्राइव्हवेत फोडला, आणि नारळाचं पाणी शेजारणीच्या भिंतीवर उडालं.

घाई परीक्षितलाच होती. त्याने विडा आणि सुपारी उचलली आणि खण एका हाताने ओढला.

टिण्.

इतका बारीक आवाज, की फोनवर नागपूर बोलत होतं त्यात तो बुडाला. पेनी उघड्या घशातून आत गेली, आतल्या वळणावर आपटली आणि कुठल्यातरी सिलिंडरच्या दाराशी जाऊन बसली. तिच्यामागून अक्षता. मी ऐकलं. आणि दारापाशी काठी टेकून उभ्या असलेल्या दीनानाथने मान तिरकी केली, बरोबर त्या मोटरवेवर केली होती तशी.

त्याने ऐकलं होतं.

आता विचार करा. परीक्षितने त्या घशावर कार्ब्युरेटर घट्ट बसवून टाकायचा, मग इंजिन गाडीत उतरवायचं आणि कधीतरी किल्ली फिरवायची. पहिल्याच फेऱ्यात ती पेनी आत जाणार, झडपा वाकवणार, पिस्टन फोडणार. कोरं इंजिन सुरू व्हायच्या आधी संपणार, आणि का ते कुणाला कळणार नाही. म्हाताऱ्याला करायचं काहीच नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प तर तो कितीतरी दिवस बसलेलाच होता. मी माझ्या सगळ्या गंजलेल्या ताकदीनिशी त्याला सांगत होतो: बोलू नकोस. याने मला मारलं. जा आत, पुरणपोळी खा.

तो वळलाही. काठी दाराबाहेर गेली. मागे पान्याचा किरकिर आवाज सुरू झाला, परीक्षित कार्ब्युरेटरचे बोल्ट आवळायला लागला होता. एक बोल्ट झाला. काठी थांबली.

"ऋजुता," दीनानाथ पाठमोराच म्हणाला, "त्याला सांग, थांब."

"विचार त्यांना, आता काय नवीन," परीक्षित म्हणाला. पान्याचा आवाज चालूच.

ऋजुताच्या कडेवर मायरा होती, दुसऱ्या हातात निरांजनाचं ताट. तिने ताट बाकावर ठेवलं.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही दोघं एका खोलीत उभे आहात. माझे हात भरलेले आहेत."

पाना किरकिरतच राहिला. नागपूरने बहुतेक फोन ठेवला. मग दीनानाथ वळला.

"परीक्षित. आत नाणं गेलंय."

मुलाचं नाव त्याच्या तोंडून उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा आलं. परीक्षितचा पाना थांबला, पण चेहरा नाही वितळला. त्याने बोल्ट सोडवला, टॉर्च आत मारला, डोकं घालून बघितलं. वळणापलीकडे काही दिसत नव्हतं.

"काही नाहीये आत. तुम्हाला दिसला?"

"दिसलं नाही. ऐकलं."

"बाबा, तुम्हाला हा इंजिन नकोच होता. फर्स्ट डेपासून. नाऊ दिस."

"नकोच होतं," दीनानाथ म्हणाला. "अजूनही नको आहे. पण ते असं मरायला नको."

असं, म्हणजे कसं, ते त्याने सांगितलं नाही. परीक्षितने एकदा माझ्याकडे बघितलं, माझ्या भगदाडाकडे, ज्यावर त्याच्या आईने झेंडू ठेवला होता. मग तो बाजूला झाला.

दीनानाथने हत्यारांचा ड्रॉवर उघडला. त्याच्या ड्रॉवरमध्ये त्याला डोळे लागत नाहीत. लांब लवचिक दांड्याच्या टोकाला चुंबक असलेली त्याची जुनी वस्तू त्याने काढली आणि त्या लाल इंजिनापाशी गेला. डावा हात त्याने आधी त्याच्या अंगावर ठेवला. मला ते बघवलं नाही, पण मला डोळे मिटता येत नाहीत. मग त्याने स्वतःचे डोळे मिटले आणि दांडा आत सोडला, एका भोकात, मग दुसऱ्या, वळवत, थांबत, ऐकत. परीक्षित त्याच्या कोपराजवळ टॉर्च धरून उभा होता. टॉर्चचा काही उपयोग नव्हता, तरी त्याने खाली केला नाही.

टक् असं काहीतरी लागलं. दांडा हळूहळू वर आला. टोकाला पेनी, आणि पेनीला कुंकू. इथली पेनी वरून तांब्याची दिसते, आतून पोलादाची असते.

मायराने टाळी वाजवली. मग अक्षता. त्यासाठी घशाचा अख्खा भाग उचलून काढावा लागला. सुनेत्राने चष्मा लावला, भुवया कोरायचा चिमटा आणला आणि ताट मांडीवर घेऊन बसली. एकेक दाणा काढून ताटात टाकत राहिली, जशी दुपारची तांदूळ निवडायला बसली आहे. बाप बोटाने शोधत होता, मुलगा हूवरची, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरची, नळी धरत होता, आणि दोघंही तिच्याकडे न बघता तिला विचारत होते, झालं का. पुरणपोळ्या गार झाल्या.

शेवटी परीक्षित झाकण लावून हात पुसत उभा राहिला. फडक्यात हात पुसणं बरंच लांबलं.

"कार्ब्युरेटर हाच ठेवू का दुसरा घालू?" त्याने विचारलं. तिसऱ्या कुणाला नाही.

"लहान," दीनानाथ म्हणाला. "आणि ब्रेक आधी. मग रेडिएटर. क्लचचं तिला विचार."

ऋजुताने मायराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि क्लचचं सांगितलं. चांगलं लांबलचक सांगितलं.

तर मित्रांनो, मी हरलो. व्ही-एट बसलं. ब्रेक मोठे आले, रेडिएटर मोठा आला, क्लच ऋजुताच्या पायाला झेपेल असा आला, आणि कार्ब्युरेटर म्हाताऱ्याने सांगितला तो. माझ्यावर परत काच आली. तुम्हाला वाटेल की बापलेक गळ्यात पडले. नाही पडले. दोघं अजून कमी बोलतात आणि वाकडं बोलतात. दीनानाथने शब्दही मोडला नाही: तो गाडीत बसायचा ते ऋजुता चालवत असेल तेव्हाच. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि ती आता सगळ्यांत जास्त चालवते. बाहेर पडण्याआधी ती बॉनेट उघडते, तेलाची पट्टी काढते, पुसते, परत घालते, पुन्हा काढते आणि दीनानाथच्या हातात देते. तो अंगठा फिरवतो. पट्टीवरच्या खुणा त्याच्या अंगठ्याला लागतात, तेल कुठवर आहे ते चिकटतं. मग म्हणतो, "ठीक आहे." आता असतंही.

तो आवाज मला आवडत नाही. धबडगा आहे नुसता. पण इथे बसून मी तो ऐकतो, कारण कानांवर काच नाही. कोण चालवतंय ते मला गिअरवरून कळतं. ऋजुता वेळेवर बदलते. परीक्षित अजून ताणतो.

गेल्या रविवारी बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग दोन पुरुषी आवाज, शब्द कळले नाहीत. दारं लागली, एक आणि दुसरं. ऋजुता माझ्याशेजारी कार्पेटवर बसून मायराला रंग देत होती, सुनेत्रा स्वयंपाकघरात होती. माझ्याजवळची दीनानाथची खुर्ची रिकामी होती. गाडी कोपऱ्यावर गेली आणि त्या रेड्याने दुसऱ्या गिअरमध्ये ओरडायला सुरुवात केली. ओरडत राहिला. मी वाट बघत होतो. आणि मग गिअर बदलला. परीक्षित बदलतो त्याच्या बऱ्याच आधी. शेजारून कुणीतरी 'हळू' म्हटलं असणार, आणि या वेळी ते ऐकलं गेलं असणार.

मायराने खडू टाकला, माझ्या काचेवर गाल टेकला आणि झोपली. कुणाच्या आवाजाने झोपली ते मी तुम्हाला सांगणार नाही.

जाता जाता एवढंच ऐका. तुमच्या घरात कुणी पट्टी डोळ्यांसमोर धरून 'ठीक आहे' म्हणत असेल, तर त्याच्या हातातून ती हिसकावू नका, आणि नुसतं 'हो' म्हणून निघूनही जाऊ नका. पुसा, परत घाला, काढा आणि त्याच्याच हातात द्या. अंगठा फिरवेपर्यंत थांबा. माझ्या वेळी तेवढं कुणी केलं असतं, तर मी आज टेबल नसतो.

आणि तो ग्लास उचला. कोस्टर खालच्या कप्प्यात आहेत.